विसांतला एक ठिपका

घाई नसेल तेव्हा हे वाचा. जमलं तर खिडकीपाशी बसून.

आधी एक पूल डोळ्यांसमोर आणा. बंगळुरूतल्या के. आर. पुरमचा, रेल्वेच्या रुळांवरून जाणारा, इथे सगळे ज्याला हँगिंग ब्रिज म्हणतात तो. मेट्रो स्टेशनातून बाहेर पडलं की त्याचा मनोरा दिसतो आणि मनोऱ्यावरून तिरक्या उतरणाऱ्या तारा. टिन फॅक्टरीच्या बाजूने हॉर्नचा गोंगाट येतोय, येऊ द्या. आता समजा, कुणीतरी जुन्या बटणांच्या फोनवर त्याच तारांचा व्हिडिओ काढलाय. तो थांबवा आणि एका तारेवर नजर ठेवा. तार सरळ नाही. जिना उतरावा तशी पायरी पायरीने खाली येते, मध्येच तुटते, पुढे पुन्हा सुरू होते.

तरी तुम्ही म्हणता, तार सरळ आहे. हे कुठून आलं? फ्रेममध्ये तर ते नाही. तुम्ही पूल बघितलाय, म्हणून. या उत्तरापाशी जरा रेंगाळा.

आता फक्त एक फ्रेम पुढे जा. व्हिडिओ काढणाऱ्याचा हात किंचित हललाय, त्यामुळे तारेचा जो भाग मघाशी दोन पिक्सेलांच्या फटीत हरवला होता, तो आता एका पिक्सेलवर पडलाय. तिसऱ्या फ्रेममध्ये आणखी थोडा. व्हिडिओ मोठा आणि स्पष्ट करणारे एआय प्रोग्रॅम आजूबाजूच्या फ्रेममधून असे तुकडे गोळा करतात. ही कमाई खरी आहे. जे कॅमेऱ्यापर्यंत पोचलं होतं, पण एका फ्रेममध्ये मावलं नव्हतं, तेच जुळवलं गेलं. थरथरता हात इथे उपयोगी पडतो, ही मला फार आवडलेली गोष्ट.

पण तेवढ्याने भागत नाही. माझ्यासमोर मामाच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट आहे, 1991 ची. कॅसेट लावायला व्हीसीआर मिळवणं हीच एक मोहीम. जपानच्या फुनाई कंपनीने 2016 मध्ये उत्पादन थांबवलं आणि नवा व्हीसीआर मिळण्याची आशा तिथेच संपली. पिवळी पिन खोचून कॅसेट संगणकात उतरवली, की आपल्याकडच्या पाल पद्धतीप्रमाणे एक फ्रेम होते 720 गुणिले 576 ठिपक्यांची. म्हणजे 4,14,720 ठिपके. आता प्रोग्रॅमला सांगा, 4के कर. 3840 गुणिले 2160, म्हणजे 82,94,400.

भागाकार करून बघा, मनातल्या मनात, सावकाश. बरोबर वीस येतात.

दर वीस ठिपक्यांतला एक कॅसेटमधून आला. उरलेले एकोणीस कुठून तरी आणावे लागले. शिवाय व्हीएचएसची फीत त्या एका ठिपक्याचंही पूर्ण देणं देत नाही. आडव्या दिशेने तिच्यात जेमतेम 240 रेघांचा तपशील असतो. शेजारच्या फ्रेम काही एकोणीस भरून देत नाहीत. मग बाकीचं येतं शिकवणीतून. लाखो स्वच्छ चित्रं मुद्दाम लहान करायची, धूसर करायची, त्यात पडद्यावरच्या मुंग्या सोडायच्या आणि प्रोग्रॅमला म्हणायचं, हे मूळचं कसं होतं ते सांग. असं पुन्हा पुन्हा केलं की काय असू शकेल याचा त्याला पक्का अंदाज येतो. काय होतं, हे त्याला माहीत नसतं.

आणि अंदाज कुणाचे चेहरे बघून बांधलाय, यावरही बरंच ठरतं. 2020 मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या पल्स या प्रोग्रॅमला बराक ओबामांचा मोजक्या ठिपक्यांचा फोटो दिला, तर त्यातून एक गोरा गृहस्थ बाहेर आला. 2024 मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात खुनाच्या एका खटल्यात न्यायाधीशांनी एआयने सुधारलेला मोबाइल व्हिडिओ पुरावा म्हणून घ्यायला नकार दिला. मला तो निर्णय पटतो.

पुण्यातल्या फिल्म संग्रहालयात जुनी फिल्म 4के मध्ये स्कॅन करतात, तेव्हा आकडा तोच असतो, काम मात्र वेगळं. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मच्या कणांत तपशील खरोखर साठलेला असतो. स्कॅनर तो उचलतो. 2003 साली पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली. तिथे जे जळलं ते कुठलाच प्रोग्रॅम मोठं करू शकत नाही, कारण मोठं करायला आधी लहान काहीतरी हातात लागतं.

आता आजी. अक्षता पडताना ती मामाच्या मागे उभी आहे. मूळ फ्रेम लावा आणि डोळे तिच्या चेहऱ्यावर राहू द्या. नथ म्हणजे चार-पाच पांढरे चौकोन. साडीचा काठ म्हणजे एक तांबूस पट्टा. कपाळावर, कुंकवाच्या खाली, हिरवट काळा डाग.

मग सुधारलेली फ्रेम लावा. नथीत मोती आलेत, एकसारखे, गोल. काठावर नक्षी आलीय, ती कुठल्याही दुकानातल्या कुठल्याही साडीवर शोभेल. कातडी नितळ झालीय. आणि तो डाग गेलाय.

ते आजीचं गोंदण होतं. प्रोग्रॅमला ती पडद्यावरची मुंगी वाटली. त्याने पुसून टाकली. मोती नव्याने आले, याकडे लगेच लक्ष जातं. काही गेलं, हे मात्र ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच दिसतं. मामाच्या नातवंडांना ते कधीच दिसणार नाही, जर त्यांच्या हाती फक्त ही स्वच्छ फाइल गेली तर.

मुंग्या पुसणारा स्लायडर मी शून्याजवळ आणला. मुंग्या परत आल्या, डागही आला. मूळ फाइल वेगळी ठेवली आणि मोठ्या केलेल्या फाइलच्या नावातच 'एआय' लिहिलं.

दोन्ही फ्रेम घरच्या ग्रुपवर टाकल्यावर मावशीचा फोन आला. आईच्या कपाळावर तुळस होती, ती म्हणाली. मामा म्हणतो, तुळस हातावर; कपाळावर नुसते पाच ठिपके. दोघांचं अजून मिटलेलं नाही. संक्रांतीला मावशी एक जुनी ओळखीची बाई गाठून विचारणार आहे. तिची आणि आजीची गोंदणारीण एकच होती म्हणे.