घामाला वास नसतो

रत्नागिरी

चि. चिऊ,



तू पाठवलेला डिओडरंटच्या डबीचा फोटो नीट पाहिला. पुढच्या बाजूला 'नैसर्गिक', 'अ‍ॅल्युमिनियममुक्त', 'विषमुक्त' अशी तीन आश्वासनं आहेत. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटक आहेत, आणि त्यात दुसऱ्याच क्रमांकावर सोडियम बायकार्बोनेट आहे. म्हणजे आपला खाण्याचा सोडा. घटक जास्तीकडून कमीकडे असे छापतात, तेव्हा सोडा त्यात भरपूर असणार. तुझ्या काखा लाल का झाल्या आणि कातडी का सोलली, याचं उत्तर तिथेच आहे. ती डबी आता बंद कर. आग पूर्ण थांबेपर्यंत काखेला कोमट पाण्याशिवाय काही लावू नकोस आणि सैल सुती कपडे घाल. आठवड्याभरात बरं वाटलं नाही, किंवा पाणी सुटायला लागलं, तर सरळ त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

तुझ्या पत्रातलं दुसरं वाक्य मला जास्त लागलं. लोकलमध्ये कडी धरायला हात वर करायची लाज वाटते, असं तू लिहिलंस. डोंबिवलीहून सकाळच्या गाडीने उभ्याने जाणाऱ्या कुणाला घाम येत नाही गं? हवेत इतकी आर्द्रता असते की घाम सुकायला जागाच मिळत नाही. तरी लाज तेवढी तुझ्या वाट्याला येते, आणि ही लाज मुलींच्या डोक्यात पद्धतशीर भरली गेली आहे. अमेरिकेत सिनसिनाटीच्या एका शल्यविशारदाने शस्त्रक्रिया करताना हात घामेजू नयेत म्हणून अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचं एक द्रावण केलं होतं. त्यांच्या मुलीने, एड्ना मर्फीने, ते 'ओडोरोनो' नावाने काखेसाठी विकायला काढलं. 1912 च्या उन्हाळ्यात अटलांटिक सिटीच्या प्रदर्शनात त्याची बऱ्यापैकी विक्री झाली. पण आपल्याला असल्या औषधाची गरज नाही, असंच बहुतेक बायकांना वाटत होतं. मग 1919 मध्ये जेम्स वेब यंग या जाहिरातलेखकाने बायकांच्या एका मासिकात जाहिरात दिली. तुझ्या अंगाला वास येतो, तो तुला कळत नाही आणि लोक तुझ्या मागे त्याबद्दल बोलतात, असा तिचा सूर होता. दोनेकशे वाचकांनी रागावून मासिकाची वर्गणी बंद केली, आणि वर्षभरात ओडोरोनोची विक्री दुपटीच्या वर गेली. आज टीव्हीवर दिसणाऱ्या जाहिराती याच वाटेने आल्या आहेत. वास कमी करायचा तो स्वतःला बरं वाटावं म्हणून कर. कुणी कुजबुजेल या धास्तीपायी अंगाची कातडी जाळून घेऊ नकोस.

आता मूळ मुद्दा. ताज्या घामाला वास नसतो. अंगभर ज्या घामाच्या ग्रंथी आहेत त्यांतून पाणी आणि मीठ येतं, अंग थंड राहावं म्हणून. काखेत आणि जांघेत आणखी एका जातीच्या ग्रंथी असतात. त्या वयात येताना जाग्या होतात आणि त्यांतून थोडा दाटसर, स्निग्ध स्राव येतो. तोही बाहेर पडताना जवळजवळ बिनवासाचाच असतो. काखेच्या उबेत आणि ओलीत राहणारे जिवाणू हा स्राव खातात आणि त्यातून वासाचे रेणू तयार होतात. त्यांतली काही आम्लं असतात, काही गंधकाची संयुगं. गंधकाची संयुगं इतकी तीव्र असतात की नाकाला त्यांचा अगदी लवलेश पुरतो. कांद्यासारखा जो उग्र दर्प येतो तो त्यांचाच. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 मध्ये हा दर्प तयार करणारं एक विकर नेमकं ओळखलं. स्टॅफिलोकॉकस होमिनिस नावाचा जिवाणू ते वापरतो, आणि माणूस या जातीचा जन्म होण्याच्याही आधीपासून वापरत आला आहे. काखेतल्या सगळ्या जिवाणूंना हे जमत नाही. वास करणारे थोडेच असतात, बाकीचे निरुपद्रवी.

काहींच्या काखेला वास जवळजवळ येतच नाही, हेही खरं आहे. एबीसीसी 11 नावाच्या जनुकातल्या एका छोट्याशा फरकामुळे त्या दाटसर स्रावात वासाचा कच्चा माल जवळजवळ उतरतच नाही. कोरिया, जपान, चीनमध्ये अशी माणसं फार आहेत. त्यांच्या कानातला मळही कोरडा, भुसभुशीत असतो. तुझी एखादी मैत्रीण काहीही न लावता दिवसभर ताजीतवानी दिसत असेल, तर ती तुझ्यापेक्षा स्वच्छ आहे असं समजू नकोस.

हे एवढं लक्षात आलं की बाजारातला प्रत्येक डबा तू स्वतः पारखू शकशील. घामाची वाट अडवणारे पदार्थ असतात; त्यांत अ‍ॅल्युमिनियमचे क्षार असतात आणि ते ग्रंथींच्या तोंडाशी तात्पुरतं बूच बसवतात. जिवाणूंना आवर घालणारे किंवा वासाची आम्लं मारणारे पदार्थ असतात, आणि नुसता सुगंध फवारणारे असतात. आपल्याकडे मुलंमुली ज्याला 'डिओ' म्हणतात त्यातले बहुतेक फवारे तिसऱ्या जातीचे: अल्कोहोल, ज्वालाग्राही वायू आणि अत्तर. अल्कोहोलमुळे थोडे जिवाणू मरतात, पण घामावर सुगंध चढला की दुपारी दोन्हींचा मिळून तिसराच वास होतो. त्यावर पैसे घालू नकोस.

अ‍ॅल्युमिनियमबद्दल तू घाबरून विचारलंस. घामरोधकांमुळे स्तनाचा कर्करोग होतो, हे आजवरच्या अभ्यासांत सिद्ध झालेलं नाही. स्मृतिभ्रंशाचंही तसंच. ज्यांची मूत्रपिंडं फारच कमी काम करतात त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती वापरू नयेत. शरीरात गेलेलं अ‍ॅल्युमिनियम बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडांचं असतं. तुझ्या बाबतीत तो प्रश्न नाही. आणि घामावाटे 'विष' बाहेर पडतं, काखेला चिकणमातीचा लेप लावून ते ओढून घ्यावं, असं जे सांगतात त्यावर विश्वास ठेवू नकोस. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. घामरोधक सोडल्यावर सुरुवातीला वास वाढल्यासारखा वाटतो खरा. त्याचं कारण साधं आहे: घाम पुन्हा मोकळा होतो आणि काखेतल्या जिवाणूंचं आपापसातलं प्रमाण बदलतं. थोड्या दिवसांत ते स्थिरावतं.

आता सोड्याकडे येते. सोडा आम्लं मारतो, म्हणून वास लगेच उतरतो. त्याचा गुण एवढाच, आणि दोषही तिथेच आहे. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि ते आम्लपण तिचं कवच आहे. सोडा अल्कधर्मी. रोज रोज ओल्या, घासल्या जाणाऱ्या, कदाचित नुकतेच केस काढलेल्या काखेत तो चोळला की कवच जातं. वर त्याचे कण खरखरीत. काहींना वर्षानुवर्षं काही होत नाही, अनेकांना होतं, आणि तू त्या अनेकांतली आहेस. लिंबू चोळायचा सल्लाही तुला मिळेलच. तोही नको. लिंबाचा रस त्वचेला फार तीव्र पडतो, आणि रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं तर फोड येऊन काळे डाग राहू शकतात.

मी तुला तुरटी सांगते, आणि खात्रीने सांगते. वाण्याकडे खडा मिळतो. पावसाळ्यात गढूळ पाण्यात फिरवतात तीच, न्हावी दाढीनंतर गालावर फिरवतो तीच. ती आम्लधर्मी आहे, त्वचा किंचित आवळते, आणि जिवाणूंना तिच्या सहवासात वाढता येत नाही. गुळगुळीत घासून, सुबक वेष्टनात घालून 'क्रिस्टल' म्हणून कित्येक पट किमतीला विकतात तीही बहुतेक वेळा हीच असते. त्यावर 'अ‍ॅल्युमिनियममुक्त' लिहिलेलं असेल तर ते खोटं आहे. तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि अ‍ॅल्युमिनियम यांचं सल्फेट. रसायनशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला, म्हणून एवढं तरी माझ्याकडून पक्कं ऐक. तुरटी चांगली आहे, पण ती अ‍ॅल्युमिनियमचाच क्षार आहे, आणि हे लपवायचं काही कारण नाही.

करायची कृती सोपी आहे. खडा फडक्यात बांधून बत्त्याने कूट, बारीक पूड कर. उकळून गार केलेलं पाणी अर्धी वाटी घे, साधारण 100 मिलिलिटर, आणि त्यात चहाचा एक सपाट चमचा पूड पूर्ण विरघळव. तळाला गाळ राहिला तर गाळून घे. फवाऱ्याच्या प्लास्टिकच्या किंवा काचेच्या बाटलीत भर; धातूचं झाकण नको, तुरटी ते खाते. आवडत असेल तर पाण्याऐवजी थोडं गुलाबपाणी घाल, पण सुगंधी तेलाचे थेंब नकोत. टी ट्री, लव्हेंडर, लिंबूगवत ही तेलं पाण्यात मिसळत नाहीत, वर तरंगतात, आणि फवाऱ्यातून तीव्र थेंब थेट सोललेल्या त्वचेवर बसतो. थोडंसंच कर आणि पंधरवड्याने नवं कर.

लावायची पद्धत कृतीपेक्षा महत्त्वाची, आणि बहुतेकांचं तिथेच बिनसतं. आंघोळीत काख साबणाने नीट धू, आणि साबण पूर्ण निघेपर्यंत पाणी घाल. साबणाचा अंश राहिला तर तुरटीशी त्याचा चिकट, न विरघळणारा थर होतो; मग तुरटीही वाया आणि साबणही. टॉवेलने टिपून कोरडं कर, मग फवारा मार आणि सुकू दे. सुकल्यावरच कपडे घाल. घाम येऊन गेल्यावर वरून मारलेल्या फवाऱ्याचा फारसा उपयोग नाही, कारण जिवाणूंचं काम तोवर झालेलं असतं. वस्तऱ्याने केस काढले असतील त्या वेळी लावू नकोस, झोंबेल. रात्री केस काढ, सकाळी तुरटी लाव, असं ठेव. केस काढायलाच हवेत असं नाही, पण कातरून बारीक ठेवले तर वास कमी होतो, कारण साबण नीट पोचतो. आणि तुरटीत सोडा कधीही मिसळू नकोस. एक आम्ल, एक अल्क; फसफसून दोन्ही एकमेकांना निकामी करतात. 'दुहेरी परिणाम' म्हणून असा लेप सुचवणारे असतात.

तुरटी घाम फारसा थांबवत नाही. काख ओली होईल, शर्टावर वर्तुळ दिसेल, पण वास फारसा येणार नाही. महत्त्वाची बैठक असेल आणि ओल दिसायला नको असेल, तर एखाद्या दिवशी दुकानातलं घामरोधक लाव, तेही आदल्या रात्री, कोरड्या काखेला. रात्री घाम कमी येतो, म्हणून ते नीट बसतं. त्यात नियम मोडल्यासारखं काही नाही.

तुरटीही झोंबली, तर मेडिकलच्या दुकानात मिळणारं बिनस्वादाचं मिल्क ऑफ मॅग्नेशिया कापसाच्या बोळ्याने पातळ लावून बघ. तेही अल्कधर्मीच, पण पाण्यात फार थोडं विरघळतं, म्हणून सोड्याइतकं त्वचेला सोलत नाही. काहीही नवीन आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून पाहायचं, मग काखेला.

घट्ट मलमच हवं असेल तर एक गोष्ट समजून घे. तू वाचतेस त्या बहुतेक कृती थंड देशांतल्या आहेत. खोबरेल साधारण 24 अंशांना वितळतं. तिकडे ते डबीत घट्ट बसतं, मुंबईत वर्षातला बराच काळ पातळच असतं, आणि मे महिन्यात तर पर्समध्ये सांडतं. आपल्याकडे त्यावर कोकमाचं तेल आहे. गोव्यात त्याला भिरंडेल म्हणतात. कोकमाच्या बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळून वर येणारी चरबी काढतात आणि तिचे गोळे वळतात. टाचांच्या भेगांना आपण लावतो तेच. ते चाळीस अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे डबीत घट्ट राहतं आणि त्वचेवर चोळलं की हळूहळू मऊ होतं. दोन चमचे कोकमाचं तेल आणि एक चमचा खोबरेल गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून वितळव. खाली उतरवून त्यात दोन चमचे आरारूट आणि अर्धा चमचा झिंक ऑक्साइड घाल. पूड घालताना तोंड लांब ठेव, श्वासात जाऊ देऊ नकोस. आळेपर्यंत ढवळत राहा, नाहीतर पूड तळाला बसते. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाने थोडे जिवाणू दबतात, झिंकने आणखी थोडे, आरारूट ओल शोषतं. वाटाण्याएवढं पुरतं. रेशमी आणि पांढऱ्या कपड्यांवर मात्र डाग पडतो. माझं मत विचारशील तर कामाच्या दिवशी तुरटीचं पाणी, आणि सुट्टीत घरी, त्वचा कोरडी वाटली तर हे मलम.

शेवटी कपडे. इथे मी आग्रहाने बोलते, कारण दोष अनेकदा काखेत नसतो, शर्टात असतो. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये व्यायाम केलेल्या लोकांचे कपडे तपासले. पॉलिएस्टरचे शर्ट सुती शर्टांपेक्षा जास्त वास मारत होते, आणि वास करणारे काही जिवाणू कृत्रिम धाग्यावर जोमाने वाढत होते. तुझ्या ऑफिसच्या कुर्त्यांत पॉलिएस्टर किती आहे ते लेबलवर बघ. धुतलेला कुर्ता अंगात घातल्यावर दहा मिनिटांत वास मारत असेल, तर तो जुनाच वास आहे, अंगाच्या उबेने परत उठलेला. असे कपडे उलटे करून, बगलेचा भाग कपभर पांढरं व्हिनेगर घातलेल्या बादलीभर पाण्यात अर्धा तास भिजवून मग धू, आणि कडक उन्हात वाळव. वसतिगृहात ऊन मिळत नसेल तर रविवारी मामाकडे घेऊन जा, त्यांच्या गच्चीवर मिळेल.

घामाचं प्रमाण अचानक वाढलं, बसल्या जागी तळहात गळायला लागले, रात्री झोपेत कपडे भिजायला लागले किंवा वासाची जातच बदलली, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नकोस, डॉक्टरांना दाखव. थायरॉइडपासून क्षयापर्यंत कारणं असू शकतात, आणि नुसत्या जास्त घामावरही चांगले उपचार आहेत.

दादा पुढच्या आठवड्यात तिकडे येतोय. त्याच्याबरोबर कोकमाच्या तेलाचा एक गोळा आणि कुटलेली तुरटी पाठवते. काखा पूर्ण बऱ्या झाल्याशिवाय दोन्हींना हात लावू नकोस, आणि आग थांबली की मला फोन कर.

तुझी,
आत्या