वाटाड्याचा वाटा

काशीस मणिकर्णिकेवर चितेच्या लाकडांच्या राशी रचलेल्या असतात आणि लाकूड वजनावर विकले जाते. घाटाकडे उतरणाऱ्या अरुंद गल्लीत पाऊल टाकताच कोणी तरी पुढे होऊन अदबीने विचारतो : नाव हवी का, पूजा करावयाची आहे का, लाकूड कोठून घेणार? तो वाट दाखवितो, सामान धरतो, धीर देतो आणि यजमानापाशी काही मागत नाही. त्याचा वाटा पुष्कळदा दुकानदाराकडून येतो. मुलखातून आमच्याकडे आलेले आप्त काशीयात्रेस निघाले, की 'दलालांपासून जपा' असा उपदेश आम्ही परप्रांतस्थ नोकरदार त्यांना न चुकता करतो.

अलीकडे मात्र तोच व्यवसाय आमच्या घरांत आला आहे, आणि त्यास दलाली म्हणण्याचा धीर आम्हांस होत नाही. १९९६ साली ॲमेझॉन या त्या वेळच्या पुस्तकविक्रेत्याने एक योजना काढली : आपल्या संकेतस्थळावर आमच्या पुस्तकाचा दुवा द्या, त्यावरून विक्री झाली तर टक्केवारी घ्या. आज हीच रीत विम्यापासून भांड्यांपर्यंत सर्वत्र पसरली आहे. घरातील मुलगा अथवा सून असे स्थळ उघडते, आणि तेथे गिऱ्हाईक यावे म्हणून पदरचे दोन-तीन हजार रुपये जाहिरातीत घालते.

यात गैर ते काय, असे कोणी विचारील. प्रथम हिशेब पाहू. समजा, तीन हजार रुपये खर्चिले आणि एक माणूस आणावयास पाच रुपये पडले, तर सहाशे माणसे आली. शेकडा दोघांनी खरेदी केली, तर बारा विक्री झाल्या. वस्तू हजार रुपयांची आणि टक्केवारी पाच असेल, तर पदरी सहाशे रुपये पडले व चोवीसशे बुडाले. खर्च भरून येण्यास दर विक्रीमागे अडीचशे रुपये सुटले पाहिजेत. लहान भांडवलाला तोटा सोसवत नाही. म्हणून उत्तम वस्तू कोणती हा प्रश्न मागे पडतो, आणि अधिक वाटा देणारी वस्तू कोणती हा प्रश्न पुढे येतो. लबाडीचा विचारही मनात नसलेल्या माणसाचा सल्ला अशा रीतीने हळूहळू वाकत जातो.

'ग्राहकाला किंमत तीच पडते, मग त्याचे काय गेले?' असा बचाव नेहमी केला जातो. गेली ती न पाहिलेली दुसरी गल्ली. मणिकर्णिकेवर आलेला शोकाकुल मनुष्य चार ठिकाणी भाव विचारीत नाही. जो प्रथम भेटला त्याचा हात धरतो. मध्यरात्री आजारावरचे औषध वा कर्ज शोधणाऱ्याचीही स्थिती फारशी निराळी नसते. दुकानातील नोकराने मालाची स्तुती केली तर कोणी फसत नाही, कारण त्याचा पगार कोठून येतो हे सर्वांस ठाऊक असते. स्नेह्याच्या सल्ल्याची गोष्ट तशी नाही. ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२२ साली निघालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी हाच भेद ओळखला आहे : विक्रेत्याशी असलेल्या ज्या संबंधाची ऐकणाऱ्यास कल्पना नसते आणि ज्याने शिफारशीचे वजन बदलू शकते, तो संबंध उघड केला पाहिजे.

तथापि वाटा घेणे हेच पाप, असे आम्ही म्हणत नाही. मार्कंडेय पुराणातील हरिश्चंद्र काशीतच श्मशानाच्या धन्याकडे चाकरीस राहिला. प्रेतामागे येणाऱ्या द्रव्याचे सहा भाग होत : एक राजाचा, तीन धन्याचे आणि दोन हरिश्चंद्राचे वेतन. म्हणजे सत्यवचनाचा आपला परमोच्च आदर्शही वाट्यावरच काम करीत होता! परंतु आपण कोणाचे चाकर आहो हे त्याने लपविले नाही. आणि लोकप्रचलित कथेत स्वतःच्या पुत्राचे शव घेऊन पत्नी समोर आली, तरी त्याने शुल्काचा नियम बदलला नाही.

आम्हां अधिकारी मंडळींना आणखी एक बंधन आहे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांतील पंधराव्या नियमानुसार पत्नीच्या वा कुटुंबीयांच्या कमिशन एजन्सीसाठी सरकारी नोकराने भलामण करणे हाही नियमभंग ठरतो. साहेबांनी दुवा पाठविला, तर हाताखालचा कारकून तो निव्वळ सल्ला म्हणून कसा वाचील? खुर्चीचे वजन शब्दाला आपोआप चिकटते. ते विकण्याचा अधिकार आम्हांस नाही.

घरच्यांना उद्योग करू नका असे सांगण्याचे कारण नाही. एवढेच सांगावे, की स्तुतीच्या आधी, पहिल्याच ओळीत, 'येथून खरेदी झाल्यास मला वाटा मिळतो' असे लिहा. मग जे लिहावेसे वाटेल ते लिहा. ती ओळ लिहिल्यावर जी वाक्ये हातून उतरत नाहीत, ती मुळातच लिहिण्याजोगी नव्हती. मणिकर्णिकेच्या गल्लीत उद्या कोणी भेटून म्हणाला, 'दुकानदार मला इतके देतो, आणि तरीही लाकूड कोरडे आहे, स्वतः पाहून घ्या', तर त्याच्यामागून जाण्यास आमची मुळीच हरकत असणार नाही.