पुस्तकातलं १२२

खोटं बोलणं आणि अपेक्षित उत्तर लिहिणं, या दोन्ही गोष्टी एकच आहेत का? सायन्सला गेलेल्या जवळपास प्रत्येकाने दुसरी गोष्ट होताना पाहिलेली असते, पण त्यासाठी स्वतःला खोटारडं समजणारा क्वचितच भेटतो.

माझी धाकटी बहीण ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एम.एस्सी. करते. आम्ही मोशीला राहतो. मी इंजिनिअरिंग करून सॉफ्टवेअरमध्ये गेले, त्यामुळे कार्बनच्या षट्कोनांशी माझा संबंध केव्हाच सुटला होता. तिच्यामुळे तो परत जोडला गेला. एका प्रॅक्टिकलमध्ये तिला दोन पदार्थांचं मिश्रण मिळालं. ते वेगळे करायचे, शुद्ध करायचे, ओळखायचे. त्यातलं एक निघालं बेन्झोइक ॲसिड. त्याची पूड केसासारख्या बारीक काचनळीत भरून, नळी थर्मामीटरला बांधून, तेलात हळूहळू तापवायची आणि कधी वितळते ते बघायचं. पुस्तक म्हणतं १२२ अंश सेल्सिअस. तिची पूड ११६ ला वितळायला लागली आणि ११९ ला पूर्ण वितळली. आजूबाजूच्या जर्नलांत १२२ लिहिलं जात होतं. तिने ११६ ते ११९ लिहिलं आणि तिचे मार्क कापले गेले.

"ताई, खरं लिहून मला नक्की काय मिळालं, सांग," ती म्हणाली.

फळ्यावरचे सुविचार तिलाही पाठ आहेत, त्यामुळे ते सांगण्यात अर्थ नव्हता. आणि १२२ लिहिणाऱ्यांची बाजूही पोकळ नाही. वेळ मोजून दिलेला. पूड वाळवायला ओव्हन एकच, त्यात सगळ्या बॅचच्या वॉच ग्लास. पदार्थ कोणता आहे हे बाकीच्या टेस्टमधून आधीच कळलेलं, म्हणजे शेवटचा आकडा ही औपचारिकताच. ती पूड कुणी औषध म्हणून खाणार नाही, ती बेसिनमध्ये जाणार. मग नुकसान कुणाचं? शिवाय मार्कांवर पुढची नोकरी ठरते. ज्याचे वडील चाकणला कंत्राटी कामावर आहेत, त्याला मार्क घालवणं परवडत नाही. तत्त्वं सगळ्यांना एकाच भावात मिळत नाहीत.

यावर नेहमीचं उत्तर असतं की छोट्या खोट्यातून मोठ्या खोट्याची सवय लागते. मला ते पुरेसं वाटत नाही. जर्नलमध्ये १२२ लिहून पुढे आयुष्यभर सरळ वागलेली माणसं पुष्कळ असतील. मला पटलेलं उत्तर तिच्याच विषयात आहे.

शुद्ध स्फटिक साधारण एका अंशाच्या आत वितळून जातो. त्यात दुसरं काही मिसळलेलं असेल किंवा ओल राहिली असेल, तर तो आधीच वितळायला लागतो आणि सुरुवात ते शेवट हे अंतरही वाढतं. हा गुण इतका भरवशाचा आहे की त्यावर ओळख पटवता येते. युरिया आणि सिनॅमिक ॲसिड दोन्ही १३३ अंशांच्या आसपास वितळतात. नुसत्या आकड्यावरून कोणतं कोणतं ते कळणार नाही. पण दोन्ही एकत्र कुटून तापवा, मिश्रण बरंच खाली वितळतं. म्हणजे ते दोन वेगळे पदार्थ आहेत.

असं असेल तर ११६ ते ११९ हा चुकलेला आकडा नाहीच. पूड सांगत होती की मी अजून पुरती शुद्ध नाही, किंवा पुरती वाळलेली नाही. ते ऐकून बहिणीने उरलेली पूड गरम पाण्यातून पुन्हा स्फटिक करून घेतली, नीट वाळवली आणि परत बघितलं. १२१ ते १२२. मार्क काही बदलले नाहीत. पण आधीचा आकडा कुठून आला होता हे तिला कळलं. ज्यांनी पहिल्याच फटक्यात १२२ लिहिलं, त्यांच्या हातात पुस्तकात नसलेली एकच गोष्ट होती, आणि तीच त्यांनी टाकून दिली. नुकसान कुणाचं, याचं उत्तर मला इथे सापडलं.

पुस्तकाला न पटणारी गोष्ट किती मोलाची असू शकते, याचं उदाहरण आमच्या शहराच्या इतिहासात आहे. पिंपरीतली एच.ए., म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. १९५४ मध्ये स्थापन झालेली ही सरकारी कंपनी १९५५ पासून पेनिसिलिन बनवू लागली. त्याच्या दहाच वर्षं आधीपर्यंत पेनिसिलिनच्या रेणूची रचना हा वादाचा विषय होता. रॉबर्ट रॉबिन्सन हे त्या काळातलं ऑरगॅनिक केमिस्ट्रीतलं मोठं नाव, त्यांना १९४७ मध्ये नोबेलही मिळालं. त्यांचं मत एका रचनेच्या बाजूने होतं. दुसऱ्या रचनेत चार अणूंचं एक छोटं, ताणलेलं कडं होतं. इतकं ताणलेलं कडं अनेकांना पटत नव्हतं. १९४५ मध्ये डोरोथी हॉजकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांनी स्फटिक तपासला आणि ते कडं तिथे निघालं. ताणलेलं असल्यामुळे ते सहज उघडतं आणि जंतूची भिंत बांधणाऱ्या एन्झाइमला जखडून टाकतं. न पटणारा तो भागच औषधाचं काम करत होता.

माझ्या क्षेत्रात ही लबाडी उलट्या दिशेने होते. टेस्ट फेल झाली की कोडऐवजी टेस्टमधलं अपेक्षित उत्तर बदलायचं, सगळं हिरवं. केमिस्ट्रीत निरीक्षण पुस्तकाला जुळवतात, आमच्याकडे अपेक्षा चुकीला जुळवतात. दोन्हीकडे, काहीतरी बिघडलंय हे सांगणाराच गप्प होतो.

गंमत अशी की हीच मुलं पुढे औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये लागली की त्यांना पहिल्या दिवसापासून उलटं शिकवावं लागतं. रीडिंग त्याच वेळी, शाईने लिहा. चुकलं तर एकच रेघ मारा, सही करा, तारीख घाला. आकडा मर्यादेबाहेर गेला तर कारण शोधा, तो लपवू नका. हे नियम का कडक आहेत, ते २०१३ मध्ये जगाने पाहिलं. रॅनबॅक्सीच्या अमेरिकेतल्या उपकंपनीने तिथे गुन्हा कबूल केला आणि ५० कोटी डॉलर भरायचं मान्य झालं. आरोपांमध्ये सरकारला खोटी माहिती दिल्याचाही आरोप होता. तो प्रकार बाहेर आणला कंपनीतल्याच एका माजी अधिकाऱ्याने, दिनेश ठाकूर यांनी.

म्हणून मला वाटतं, आपण प्रश्न चुकीच्या माणसाला विचारतो. विद्यार्थ्याने १२२ का लिहिलं, यापेक्षा १२२ लाच मार्क का ठेवले, हे विचारायला हवं. प्रामाणिकपणाची किंमत ज्याच्या खिशात सगळ्यात कमी आहे त्याच्याकडूनच वसूल करायची आणि मग पिढी बिघडली म्हणायचं, हा न्याय नाही. प्रश्नपत्रिकेत एक ओळ वाढवली तरी पुष्कळ फरक पडेल: 'तुमचा आकडा पुस्तकापेक्षा वेगळा आला असल्यास संभाव्य कारण लिहा.' त्याला पाच मार्क. चाकणच्या कंत्राटी कामगाराच्या मुलालाही मग खरं लिहिणं परवडेल.