सोवळ्याची हद्द

आपल्या स्मृतिकारांनी शौचाचा केवढा बारीक विचार केला आहे! मृत्तिका किती वेळा लावावी, आचमन केव्हा करावे, हे तर त्यांनी सांगितलेच. पण पाण्यात मलमूत्र टाकू नये, असा स्पष्ट निषेधही मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात आहे. तथापि आचारात मुरली ती देहाची आणि स्वयंपाकघराची शुद्धी. उंबरठ्याबाहेर गेलेला मैला कोठे जातो आणि तो कोण वाहतो, हा प्रश्न सोवळ्याच्या हद्दीबाहेरच राहिला. मी तो धर्माचाच प्रश्न मानतो, कारण आपली अशुद्धी दुसऱ्याच्या अंगावर लोटून जी शुद्धी मिळते, तिच्यात त्या दुसऱ्याचे ऋण शिल्लक उरते.

मुंबई तानसा, वैतरणा, भातसा या दूरच्या जलाशयांच्या पाण्याने स्नान करते, आणि त्यातील बराच भाग भूमिगत वाहिन्यांतून वरळीच्या लव्हग्रोव्ह उदंचन केंद्राकडे धाव घेतो. जाळ्यांवर चिंध्या-कचरा अडवायचा, रेती खाली बसू द्यायची आणि उरलेले सारे समुद्रतळाखालच्या बोगद्याने किनाऱ्यापासून तीन किलोमीटरांहून दूर नेऊन सोडायचे, असा शिरस्ता वरळीला व वांद्र्याला वर्षानुवर्षे चालत आला. प्रवाह, क्षार आणि सूर्यप्रकाश रोगजंतूंचा नाश करतात, हा हिशेब अगदीच खोटा नाही. परंतु सागर सर्व काही पोटात घेतो या आपल्या जुन्या श्रद्धेचेच ते स्थापत्यशास्त्रीय रूप आहे, आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू जेथे संपतो तेथे त्या श्रद्धेचाही आधार संपतो. मिठी नदी माहीमच्या खाडीत काय आणून ओतते हे ज्याने पाहिले, त्याला वेगळा पुरावा नको.

1914 साली मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट या संशोधकांनी दाखवून दिले की, सांडपाण्यात हवा खेळवून तळाशी बसलेला गाळ फेकून न देता तोच पुन्हा नव्या सांडपाण्यात मिसळला, तर ज्या शुद्धीला आरंभी आठवडे लागत ती काही तासांत होते; कारण त्या गाळात असंख्य सूक्ष्मजीव नांदत असतात आणि घाण हेच त्यांचे अन्न असते. ज्याला आपण अमंगळाची परिसीमा समजतो तोच येथे पावन करणारा ठरतो! अशुचिता हा वस्तूचा स्वभावधर्म नव्हे, तिचे स्थान चुकल्याचा तो परिणाम आहे, असे मला यावरून निःशंकपणे वाटते.

मग माणसाविषयी काय म्हणावे? 20 मार्च 1927 रोजी महाडला डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा सनातन्यांनी गोमूत्र-गोमयाने त्या तळ्याची 'शुद्धी' केली. ज्या जातींच्या डोक्यावर पिढ्यान्‌पिढ्या शहरांच्या मैल्याची पाटी दिली, त्यांच्याच स्पर्शाला विटाळ म्हणण्याचे हे क्रौर्य कोणत्या शास्त्राने धुऊन निघेल? 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून गटारात माणूस उतरवणे हा गुन्हा ठरविला, तरी त्या विषारी वायूंत माणसे अजून गुदमरून मरतात.

नारळी पौर्णिमेला वरळीचा कोळी ज्या दर्याला नारळ अर्पण करतो, त्या दर्यात शहराने काय सोडले याचा जाब नागरिकाने महापालिकेकडे मागावा, मलनिःसारण कर बिनतक्रार भरावा आणि आपल्या सोसायटीच्या तुंबलेल्या गटारात कोणी माणूस उतरवू लागला तर त्याला तेथल्या तेथे रोखून यंत्र मागवावे. ही कामे मी स्नानसंध्येच्या पंक्तीला बसवतो.