भिंतीवरचा डाग



मेत्सोरा पाराशात (लेवीय, अध्याय १४) घराच्या भिंतीवर हिरवट वा तांबूस डाग दिसल्यास घरधन्याने स्वतः जाऊन कोहेनाला कळवावे, अशी आज्ञा आहे. मिश्ना सांगते, की तो कितीही जाणता असला तरी ‘डागासारखे काही दिसते’ एवढेच त्याने म्हणावे, निवाडा कोहेनाचा. कोहेन येण्यापूर्वी घर रिकामे करावयाचे, म्हणजे सामान अशुद्ध ठरत नाही. कळविणाऱ्याचे नुकसान होऊ नये, ही तोराची काळजी.

येथे इंग्लंडात १९८५ च्या कायद्याप्रमाणे भिंती, छप्पर, नळ यांची दुरुस्ती बहुधा घरमालकाकडे असते. पण घरातील बिघाड त्याला कळल्यावरच ती जबाबदारी लागू होते. म्हणून ओल किंवा गळती दिसताच, कोणास दोष न देता, तारीख घालून लेखी कळवावे व नक्कल ठेवावी. भिडेपोटी गप्प बसू नये.

मात्र रॉचडेल येथे २०२० साली दोन वर्षांचे बालक घरातील बुरशीमुळे दगावले. बापाने २०१७ सालीच कळविले होते. तेव्हा आमच्यापैकी ज्यांनी खोल्या भाड्याने दिल्या आहेत, त्यांनी निरोप मिळताच कोहेनाप्रमाणे स्वतः जाऊन पाहावे. सांगणे ही मित्सवा, तशीच ऐकणे हीही मित्सवाच. परमेश्वर आपणा सर्वांची घरे सुरक्षित राखो. आमेन.