आजारी कामगाराने कोर्टात जावे का?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. ख्रिस्ती माणसाने तर मुळीच चढू नये, असेही वर जोडतो. द्वारका चौकातून रोज सकाळी सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडे निघणाऱ्यांपैकी एखाद्याला आजारपणापायी कामावरून काढले, तर आपला सल्ला ठरलेला असतो : जाऊ दे, क्षमा कर, देव बघतो आहे.

मुंबईतील एका सार्वजनिक महामंडळात रोजंदारीवर काम करणाऱ्या मजुराच्या तपासणीत एचआयव्हीची लागण आढळली. काम करण्याइतका तो धडधाकट होता, तरी त्याचे नाव यादीतून काढले गेले. तो उच्च न्यायालयात गेला. समाजाच्या भीतीने नाव गुप्त ठेवण्याची मुभा त्याला मिळाली. निकालपत्रात तो फक्त 'एमएक्स' आहे. अंगात काम करण्याची ताकद आहे आणि इतरांना धोका नाही, तर केवळ या लागणीवरून कोणाची रोजीरोटी हिरावता येणार नाही, असे 1997 साली न्यायालयाने ठरवले. त्याला पुन्हा यादीत घ्यावे व बुडालेल्या मजुरीपोटी 40,000 रुपये द्यावेत, असा आदेश झाला. पुढे 2017 च्या कायद्याने असा भेदभाव खाजगी नोकरीतही निषिद्ध ठरला.

तो गप्प बसला असता तर? स्वतःवरचा अन्याय आपण क्षमा करू शकतो. पण आपल्यामागे त्याच रांगेत उभ्या असलेल्याच्या वतीने क्षमा कशी करणार? संत पौलाने करिंथकरांना खटल्यांवरून खडसावले, त्यापेक्षा अन्याय सोसा असेही सुचवले, हे खरे. पण ते भावाभावांतले तंटे होते. स्वतःवर बेतली तेव्हा त्याने रोमी नागरिकाचा हक्क वापरून कैसराकडे दाद मागितलीच (प्रेषितांची कृत्ये 25). आणि मनात सूड न धरताही दाद मागता येते, असे आम्हाला वाटते. अवघड आहे, पण येते.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 च्या आपल्या श्रमविषयक परिपत्रकात अपंगांच्या कामाचा वेगळा विचार केला आहे. तिथे दयेपेक्षा हक्काची भाषा आहे. आपल्या 2016 च्या कायद्यानुसार सरकारी नोकराला सेवेत असताना अपंगत्व आले, तर त्याला काढता येत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरे द्यावे लागते. खाजगी कारखान्यातल्या कामगाराला हे कलम लागू नाही.

मालक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कारखानदार येतो. आपल्याकडे धुणेभांडी करणारी बाई पंधरा दिवस तापाने पडली, तर तिचा पगार कापायचा की नाही, हे मात्र आपणच ठरवतो. ती काही कोर्टात जाणार नाही.