सैतान खरा मानावा काय?

युद्धकाळातले एखादे खेडे, एकमेकींवर जीव जडलेल्या दोघी स्त्रिया आणि गावात पसरलेला चेटकाचा संशय, एवढ्या सामग्रीवर भयकादंबरी लिहिणारे इंग्रजीत आज पुष्कळ आहेत. अशा कादंबरीविषयी मला पडलेला प्रश्न कलेचा नाही, नीतीचा आहे. तीत सैतान खरा असावा की खोटा?

प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही. १६४५ सालचा इंग्लंडातला एसेक्स परगणा घ्या. राजा आणि पार्लमेंट यांच्यातील यादवीचे तिसरे वर्ष. नेहमीचे फिरते न्यायाधीश येईनासे झालेले. मॅनिंगट्री गावी एलिझाबेथ क्लार्क नावाच्या एका पायाच्या म्हातारीला पहाऱ्यात बसवून रात्रीमागून रात्री जागी ठेवले. मॅथ्यू हॉपकिन्सने शपथेवर सांगितले की, तिने हाक मारताच पांढऱ्या मांजराच्या पिलासारखा एक, बैलाच्या डोक्याचा शिकारी कुत्रा एक, असे सैतानाचे हस्तक आपल्यासमोर खोलीत आले. जुलैत चेम्सफर्डला खटला चालला, तोही वॉरिकच्या अर्लापुढे. रिबेका वेस्ट या तरुणीने कबुली दिली, साक्ष दिली. तिची आई फासावर गेली, ती सुटली.

आता कादंबरीकाराने ते मांजराचे पिलू खरे मानले, तर हॉपकिन्सही खरा ठरतो. वाचकाच्या अंगावर चार घटका काटा यावा म्हणून आपण फाशी देणाऱ्याची बाजू उचलून धरतो. उलट ते खोटे मानले, तर पुस्तक सभ्य होते, पण भय उरत नाही; आपण शहाणे आणि ते अडाणी, अशा सोयीच्या समाधानात वाचक झोपी जातो. मला हे दुसरे पाप पहिल्याहून फारसे लहान वाटत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये नेझबीच्या लढाईनंतर राजाच्या छावणीतल्या शंभराच्या आसपास बायका विजयी सैनिकांनी कापून काढल्या. तिथे तर खटलासुद्धा नव्हता.

आणि त्या दोघींचे प्रेम? न्यायालयाने विचारले तेवढेच दप्तरात उतरते, आणि हे कोणी विचारले नाही. इंग्लंडच्या कायद्याने पुरुषांना शिक्षा सांगितली, स्त्रियांच्या प्रेमाचे नावही घेतले नाही; १९२१ साली ते गुन्ह्यांत घालण्याचा घाट घातला गेला, तेव्हा बोभाट्यानेच ही गोष्ट बायकांना ठाऊक होईल या धास्तीने लॉर्डांच्या सभेने तो हाणून पाडला! अशा मौनात कल्पनेने शिरण्याचा हक्क लेखकाला आहे, असे मी मानतो. मात्र प्रेम हीच त्यांची चेटूकविद्या, असे रंगवण्याचा मोह पडतो तिथे मी थबकतो. गौरव म्हणून का होईना, आरोप तोच राहतो.

सिल्व्हिया टाउनसेंड वॉर्नर हिने हे फार पूर्वी ओळखले असावे. १९२६ च्या 'लॉली विलोज'मध्ये तिने एका अविवाहित आत्याला खुशाल सैतानाच्या पदरी घातले, पण तिथे फास नाही, खटला नाही. सैतान जवळजवळ सज्जन आहे. १९३६ च्या 'समर विल शो'मध्ये १८४८ च्या क्रांतीतले पॅरिस आहे, नवऱ्याच्या जुन्या प्रेयसीवरच जीव जडलेली सोफिया आहे, रस्त्यावरचे रक्त आहे. सैतान मात्र नाही. बाईने स्वतःचे आयुष्य व्हॅलेंटाइन ॲकलंड या कवयित्रीबरोबर काढले होते. सैतान आणि प्रेम यांना तिने एका पुस्तकात नांदू दिले नाही.

तरी दोन्ही एकत्र आणायचेच असतील, तर मी लेखकाला त्या पहाऱ्याच्या खोलीत बसायला सांगेन. म्हातारीला जागे ठेवायचे म्हणजे जागे ठेवणाऱ्यांनाही जागावे लागते. अशा पहाऱ्यांवर गावातल्याच बायका असत. घरचे पुरुष लढाईवर, अंधार, थंडी, तिसरी रात्र. कोपऱ्यात काहीतरी पांढरे हलले असे त्यांच्यातली एक दुसरीला हलकेच सांगते, आणि दुसरीलाही ते दिसते.